हे खुंट कोणाचे

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळणं सोपं होतं, कारण मला कोणी काही विचारत नव्हतं. डहाणूच्या आमच्या किनाऱ्यावर त्या जहाजाचा विषय निघाला की लोक माझ्या मोठ्या मेहुण्यांचं नाव घेत, एखादी शिवी हासडत आणि पुन्हा मासळीच्या भावाकडे वळत. मी तिथेच बसलेला असे, चहा पीत. आता मेहुणे नाहीत, शिव्याही जुन्या झाल्या. पण त्यांच्याबद्दल जे ठरून गेलं ते तसंच राहिलं आहे, आणि ते खोटं आहे. हे वाचणाऱ्यांत माझी बायकोही असेल. तिला आधी तोंडाने सांगायचं असं रोज सकाळी ठरवतो, आणि ती समोर येऊन बसली की दुसरंच काही बोलतो. म्हणून लिहितो आहे.

तलासरीकडे जमीन हलू लागली तेव्हा आम्ही दर्याकाठच्या माणसांनी ते सुरुवातीला फार मनावर घेतलं नव्हतं. तिकडच्या पाड्यांत लोक अंगणात ताडपत्री बांधून झोपतात, शाळा झाडाखाली भरते, असं बाजारात कानावर यायचं. आमच्याकडे फळीवरची भांडी किणकिणायची, तेवढंच. पण मेहुण्यांची एकुलती मुलगी तिकडे एका आरोग्य केंद्रात नर्स होती आणि केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहायची. खोलीच्या भिंतीला तडा गेला तेव्हा तिने त्याचा फोटो बापाला पाठवला. त्या दिवसापासून मेहुण्यांचं एक सुरू झालं. कुठे भांडं वाजलं की आधी फोन उचलायचे. "बरी आहेस ना?" एवढं विचारायचे आणि ठेवून द्यायचे. कधी कधी भांडं मांजरीने पाडलेलं असायचं. तरी फोन व्हायचाच.

मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला जावईबुवा म्हणत, माझे केस पिकल्यावरसुद्धा, आणि तेही चारचौघांत, मुद्दाम मोठ्याने.

मग एका दुपारी धक्का समुद्रातून आला. मी बंदरावर होडीच्या इंजिनाला तेल घालत होतो. पाणी एकदम खालून कोणी बुक्की मारावी तसं उसळलं आणि बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या. सुकत टाकलेल्या बोंबलांच्या वलांडीच्या काठ्या थरथरत राहिल्या. बायका टोपल्या टाकून रस्त्याकडे पळाल्या. लाट येणार, लाट येणार, असा ओरडा झाला. लाट आली नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस मी होडीवर असताना तळाकडे बघत राहायचो, जणू काही दिसणार होतं. ज्या तळावर जन्म काढला त्याच्याखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर ते संशोधनाचं जहाज आलं. चिखले गावाच्या समोर बरंच खोल पाण्यात उभं राहिलं, पांढरं, वर नाना तऱ्हेच्या छत्र्या आणि काठ्या. आमच्यात लगेच कुजबुज सुरू झाली की हे इथे होऊ घातलेल्या मोठ्या बंदराच्या मोजणीचं जहाज आहे, भूकंप हे निमित्त. म्हणून जहाजावरच्या मुख्य बाई मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये येऊन बोलल्या. मराठीच होत्या, पण घाटावरच्या. समुद्राच्या तळाला पिवळ्या गोळ्यांसारखी यंत्रं ठेवायची, ती काही महिने जमिनीचा आवाज ऐकत बसतील, आणि त्यावरून कळेल की समुद्राखालची भेग तलासरीच्या दिशेने जाते का, असं त्यांनी समजावलं. यंत्रं असतील तिथे झेंड्याचे बोये टाकू, तेवढ्या भागात कोणी जाळं टाकू नये, एवढीच विनंती.

"म्हणजे डॉक्टरसारखं छातीला नळी लावणार," दादा मागून म्हणाले. "मग आमच्या पोटालाही लावा बाई. त्यातूनही आवाज येतोय."

हॉल हसला. बाईही हसल्या. पण दादांचा विरोध खरा होता. ते उभे राहिले आणि म्हणाले की बंद करणार तो भाग नेमका सरंगा मासा मिळण्याचा आहे, आणि त्याला लागूनच त्यांच्या खुंटांची ओळ आहे. आमच्याकडे डोल जाळी लावणारे लोक समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकतात आणि त्यांना जाळी बांधतात. ज्याने खुंट ठोकले ती जागा त्याची. कागद नसतो, पण दुसरा कोणी तिथे नांगरसुद्धा टाकत नाही. दादांची ती ओळ त्यांच्या वडिलांपासून होती.

मी सोसायटीचा पदाधिकारी होतो आणि जहाजवाल्यांच्या बाजूने बोललो. आपल्याच भल्याचं आहे, आपण शब्द देऊ, असं म्हणालो. वाद बराच झाला. शेवटी दादा खाली बसता बसता म्हणाले, "ठेवा. माझी पोरगी त्या तडा गेलेल्या भिंतीखाली झोपते. मी या मोसमात माझ्या खुंटांना जाळं बांधत नाही. मग तर झालं?"

त्यांनी ते पाळलं. आधी विरोध केला तो सगळ्यांना आठवतो. हे शेवटचं वाक्य पुढे कोणाला आठवलं नाही. मला आठवत होतं.

जहाज यंत्रं सोडून गेलं. जाण्याआधी त्यांनी आम्हा सोसायटीच्या दोघांना वर नेलं होतं. एका खोलीत पडद्यावर समुद्राचा तळ रंगांत दाखवला. जहाज खाली आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून चित्र तयार होतं. मी जन्मभर ज्या जागांचा अंदाज दोरीने आणि दूर डोंगरावरच्या महालक्ष्मीच्या सुळक्याच्या खुणेने घेतला, त्या तिथे अंगणासारख्या उघड्या पडल्या होत्या. ट्रॉलरच्या फळ्यांनी पाडलेले चर दिसत होते. आणि एका बाजूला टाचण्या रोवाव्यात तशी बारीक ओळ. "हे दादांचे खुंट," मी सोबतच्याला म्हणालो. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आता माझं सांगतो.

बंद भागात मासेमारी नसल्यामुळे तिथे सरंगा जमला होता, हे सगळ्यांना कळत होतं. आजूबाजूला मात्र जाळी रिकामी येत होती. उधाणाचे दिवस होते, पाण्याला जोराची ओढ. मी माझं तळाला बसणारं जाळं बोयांच्या बाहेरच टाकलं, पण अशा बाजूला टाकलं की ओढ ते आत नेईल. होडीवरच्या दोघा खलाशांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं, "आपण बाहेर आहोत." आणि खरंच, होडी बाहेर होती.

उजाडताना जाळं ओढायला घेतलं तर विंच कण्हायला लागला. मला वाटलं दगड. मग पाण्यात पिवळं काहीतरी दिसलं. लोखंडी चौकट, तिच्यात पिवळा गोळा, आणि सगळ्याला माझं निळं जाळं गुंडाळलेलं.

"शेठ, आ तो पेला जहाजनुं छे," खलाशी म्हणाला. तो उंबरगावकडचा, गुजराती बोलणारा; हे तर त्या जहाजाचं, असं म्हणत होता.

"दिसतंय मला," मी म्हणालो.

आमच्या घरात एक रीत होती. जाळ्यात माणसाचं काही आलं, एखादा कपडा, मूर्ती, फुटक्या होडीची फळी, तर ते किनाऱ्याला आणायचं नाही. नारळ सोडायचा आणि ती वस्तू पाण्याला परत करायची. माझ्या बापाने एकदा पितळेची चांगली घंटा अशी परत केली होती. मी त्या क्षणी यंत्राला यंत्र समजलोच नाही. हे परत द्यायला हवं, एवढंच डोक्यात आलं. आणि दुसरंही आलं, ते लपवत नाही. हॉलमध्ये शब्द देणारा मी होतो. माझ्याच जाळ्यात हे सापडलं असं निघालं तर तोंड कुठे लपवणार?

होतं तिथेच सोडावं म्हणून मी होडी वळवली. तेवढ्यात जहाजवाल्यांनी गस्तीसाठी ठेवलेली होडी बोयांपाशी फिरताना दिसली. मी पुन्हा वळलो. यंत्र बाजूला लटकतंय, सूर्य वर येतोय. कुठे सोडू? उघड्यावर सोडलं तर ट्रॉलर ओढून नेईल, मोडून टाकेल. त्या सगळ्या पाण्यात एकच जागा अशी होती जिथे ट्रॉलर जात नाही, कारण खुंटांत त्याचं जाळं फाटतं, आणि जिथे त्या मोसमात कोणी फिरकतही नव्हतं. दादांची ओळ. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. तळ तोच, जमीन तीच, यंत्र तिथून ऐकेल. मी जाळं कापून यंत्र मोकळं केलं, होडीवरचा नारळ आधी पाण्यात सोडला आणि मग यंत्र दोरीने हळू खाली उतरवलं, आपटू नये म्हणून. खलाशांना म्हणालो, काही झालं नाही. मोसम संपला तसे ते दोघं घरी गेले आणि पुढच्या साली दुसऱ्याच्या होडीवर लागले.

ते महिने कसे गेले ते सांगता येत नाही. भांडं वाजलं की दादा मुलीला फोन करत. मला भांडं वाजलं की ते यंत्र आठवे. ते तिथे ऐकतंय ना? बरोबर ऐकतंय ना? एकदा दादा माझ्या ओटीवर बसून म्हणाले, "जावईबुवा, तुमचं ते जहाज कधी येणार? पोरगी विचारते. तिच्याकडे बायका बाळंतपणाला येतात आणि छताकडे बघत बसतात." मी म्हणालो, येईल लवकरच. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आत बायको त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

जहाज परत आलं. सोसायटीचा माणूस म्हणून मला पुन्हा वर बोलावलं, सोबत आणखी एक सभासद होता. जहाजावरून पाण्याखाली हाक जाते आणि यंत्र उत्तर देतं, मग खालचं वजन सोडून ते वर येतं. बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून उत्तर दिलं. एकाने दिलं नाही. जहाज फिरत राहिलं, बाई कानाला हेडफोन लावून बसलेल्या, आणि मी कठड्याला धरून मनात म्हणत होतो की त्याने बोलू नये. मग ते बोललं.

पडद्यावर तीच टाचण्यांची ओळ आली. तिच्या मधोमध ठिपका.

"हे खुंट कोणाचे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मोठ्या मेहुण्यांचे," मी म्हणालो.

मी खोटं एक अक्षर बोललो नाही. हे मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. प्रश्न विचारला, उत्तर दिलं. बाई "हं" म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही. शेजारच्या सभासदाने मात्र माझ्याकडे पाहून मान हलवली. आम्ही किनाऱ्याला लागायच्या आत त्याच्या फोनवरून ती बातमी घरोघर पोचली होती.

पण एवढंच असतं तर कदाचित मी आज स्वतःला थोडंफार समजावू शकलो असतो. गोळा वर आला, त्यांनी तो आकड्याने डेकवर घेतला. चौकटीच्या एका कोपऱ्यात निळ्या जाळ्याचा तुकडा अडकलेला होता, तळहाताएवढा. डोल जाळं जाड असतं, त्याची वीण वेगळी. हा तुकडा सरंग्याच्या जाळ्याचा होता. दादांकडे तसं जाळं कधीच नव्हतं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाच्या हातात तो तुकडा दिला असता तर त्याने सांगितलं असतं की हे काम डोलवाल्याचं नव्हे. बाईंना ते कळणार नव्हतं, आणि सोबतचा सभासद फोनमध्ये होता. मी वाकलो, चौकटीला हात लावून पाहतोय असं दाखवलं, आणि तो तुकडा ओढून काढून खिशात घातला.

बाईंनी नंतर सांगितलं की यंत्र मध्येच उचललं गेलं, हेलकावलं, त्यानंतरच्या नोंदींवर भरवसा ठेवता येणार नाही. नेमकं याच जागेचं ऐकणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं. भेग कुठवर जाते याचं उत्तर अपुरं राहील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी तक्रारही केली नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोसायटीची बैठक झाली. दादा म्हणाले, "मी हात लावला नाही. मोसमभर माझी होडी त्या ओळीकडे गेली नाही."

"ओळ कोणाची?" कोणीतरी ओरडलं.

"माझी."

"मग तिथे दुसरा कोण जातो?"

आमच्यात खरंच दुसऱ्याच्या ओळीत कोणी जात नाही. माझी बायको बायकांमध्ये बसली होती. ती उभी राहिली. तिला वाटलं असावं की भावाने कबूल केलं तर लोक शांत होतील. ती म्हणाली, "दादा, खरं सांग. तुझी पोरगी तिथे जीव मुठीत धरून राहते. असं कसं केलंस?"

"मी केलं नाही ग."

"मग काय ती पेटी चालत आली?"

सगळे हसले. दादा तिच्याकडे बघत राहिले. नंतर त्यांची नजर माझ्याकडे आली, आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं.

त्या साली भाऊबीजेला तिने ताट तयार केलं नाही. दादांनी होडी विकली आणि तलासरीला मुलीकडे जाऊन राहिले. त्याच्या बरंच आधी, जहाजावरून आल्यावर काही दिवसांनी, धुवायला टाकलेल्या पॅन्टच्या खिशातून बायकोने तो निळा तुकडा काढला. "ही कसली चिंधी?" म्हणाली. मी म्हणालो, राहू दे. तो अजून माझ्या कपाटात आहे.

एकदा मी तो तुकडा खिशात घेऊन आशागडवरून जाणारी एसटी पकडली आणि तलासरीला गेलो. घरी सांगितलं, ओळखीच्या माणसाला भेटायला जातो. ठरवलं होतं की बोलायचं काही नाही, नुसता तुकडा दादांच्या हातावर ठेवायचा. त्यांना वीण बघून कळेल.

ते आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली खाटेवर बसले होते. खोल्यांत ते झोपत नसत, मुलीलाही झोपू देत नसत. खाटेजवळ स्टूल, स्टुलावर स्टीलचं ताट आणि ताटात एक रिकामी बाटली उलटी, तोंडावर उभी केलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं मशीन," ते म्हणाले. "जरा हललं की पडतं. याला कोणी उचलून नेत नाही, जावईबुवा."

मला हसता आलं नाही. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बोंबील किती आला, कोणाची सून आली. बहीण कशी आहे हे त्यांनी दोनदा विचारलं. माझा हात खिशात होता. मी तुकडा मुठीत धरला आणि म्हणालो, "दादा, एक सांगायचं होतं."

तेवढ्यात बाटली पडली. ताट खणखणलं, खाट खालून ढकलल्यासारखी सरकली, आणि केंद्रातून बायका पोरांना घेऊन बाहेर धावत आल्या. दादांनी माझा हात घट्ट धरला, जो खिशाबाहेर होता तो, आणि मुलीच्या नावाने ओरडले. ती एका बाळंतिणीला धरून बाहेर आली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. हात मात्र सोडला नाही. थोड्या वेळाने, जमीन पुन्हा गप्प झाल्यावर, म्हणाले, "एक विचारू? तुम्ही तरी मानता का, मी ते केलं नाही?"

"मला माहीत आहे तुम्ही केलं नाही," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. "बस. घरातला एक माणूस पुरे." मग मला काय सांगायचं होतं ते त्यांनी विचारलंच नाही. आत जाऊन एक पिशवी आणली. बहिणीसाठी भाऊबीजेची साडी घेऊन ठेवली होती. "माझं नाव नका सांगू. नाहीतर घेणार नाही ती."

मी पिशवी घेऊन परत आलो. बायकोला सांगितलं, भाचीने दिली. ती साडी ती अजून नेसते. तिला हे इथेच कळेल.

दादा त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले, झोपेत, त्या ताडपत्रीखालीच. त्यांना माहीत होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. माझ्या मुठीकडे त्यांनी पाहिलं होतं का? दहाव्याला भाची माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, जावईबुवांना खरं माहीत आहे." ती माझे आभार मानत होती. तलासरीत अजून भांडी वाजतात. भाची अजून तिथेच आहे, आणि तिच्या पायाखालची भेग कुठून येते ते कोणी नक्की सांगू शकत नाही.

खाटेवर बसून जे बोलायचं होतं ते एवढंच होतं. दादा, ते यंत्र माझ्या जाळ्यात आलं. ते तुमच्या खुंटांत ठेवलं, कारण सगळ्या समुद्रात तेवढीच जागा मला भरवशाची वाटली. मला विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं आणि माझं खिशात घातलं. दादा, मला माफ करा.